हप्त्याच्या भरवशावर हप्ता घेऊ नका : खात्यात पडणारे सरकारी पैसे घरात कसे लावायचे

गावात पैसे पडले की मला ते बातम्यांच्या आधी कळतं. मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका गावात बँक सखीचं काम करते, म्हणजे लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन आणि छोटा प्रिंटर घेऊन ग्रामपंचायतीच्या शेजारच्या खोलीत बसते, आणि ज्या दिवशी कुणाच्या तरी मोबाईलवर पैसे जमा झाल्याचा मेसेज येतो त्या दिवशी सकाळी सातलाच ओट्यावर चपलांचा ढीग असतो. ह्या कामात मी एवढं बघितलंय की लाडकी बहीणच्या त्याच पंधराशे रुपयांनी एका घरातली किराण्याची उधारी मिटली आणि त्याच पंधराशेच्या जोरावर शेजारच्या घरात तीन-तीन फायनान्सचे हप्ते सुरू झाले. रक्कम तीच, आला तो दिवसही तोच. फरक कुठं पडला ते सांगते, आणि सोबत काय काय करायचं तेही. तुम्ही शहरात असाल आणि गावाकडं आई-सासू असेल तर त्यांना वाचून दाखवा, कारण ज्यांच्या खात्यात पैसे येतात त्यातल्या निम्म्यांना हे असलं मोबाईलवर वाचायचा कंटाळा आहे.

आधी एक वही

शंभर पानी वही घ्या. मोबाईलमध्ये लिहू नका, मोबाईल पोरगं गेम खेळायला नेतं आणि मग काहीच सापडत नाही. वहीत एका योजनेला एक पान. वर लिहायचं कुणाच्या नावावर, कोणत्या बँकेत, नोंदणी नंबर काय, कोणता मोबाईल नंबर जोडलाय. खाली दोनच रकाने, कोणत्या महिन्याचा पैसा आणि खरंच आला कधी.

आमच्याकडचं एक साधं घर घ्या, पाच माणसं, दोन एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि त्यात थोडी तूर. जमीन नवऱ्याच्या नावावर म्हणून पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरीचे ६,०००, दोन्ही चार-चार महिन्यांनी दोन-दोन हजार. बायकोला लाडकी बहीणचे महिन्याला १,५००. सासूला श्रावणबाळचे, म्हणजे म्हातारपणीच्या पेन्शनचे १,५००. आणि रेशनकार्ड केशरी, घर शेतकऱ्याचं, म्हणून धान्याऐवजी माणशी १७० प्रमाणे ८५०. ह्याची बेरीज केली तर महिन्याला ४,८५० होते, म्हणजे वर्षाला ५८,२००. खुरपायला गेलं तर आमच्याकडं बाईला तीनशेच्या आसपास रोज मिळतो, त्या हिशोबानं महिन्याची ही रक्कम म्हणजे सोळा दिवसांची मजुरी झाली, आणि खुरपणी काय वर्षभर नसते. त्यामुळं कुणी म्हणालं की पंधराशेनं काय होतं, तर त्याला ही बेरीज दाखवा.

पण ही बेरीज कागदावरची आहे. वहीतला दुसरा रकाना वर्षभर भरा म्हणजे दिसेल की ४,८५० असे कोणत्याच महिन्यात आलेले नसतात. एखाद्या महिन्यात सातशे-आठशे, एखाद्या महिन्यात एकदम नऊ हजार. लाडकी बहीणचा अगदी पहिला हप्तासुद्धा ऑगस्ट २०२४ मध्ये जुलै-ऑगस्ट असा दोन महिन्यांचा मिळून तीन हजार आला होता. पगारासारखी एक तारीख ह्या पैशाला नाही. हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

अजून एक, जमीन बाईच्या स्वतःच्या नावावर असेल आणि तिला किसान आणि नमो दोन्ही मिळत असतील तर लाडकी बहीणचे पंधराशे नाही, पाचशेच येतात, कारण त्या दोन्हीचे महिन्याला हजार धरून वरचा फरक देतात. बाया भांडायला येतात माझ्याशी की तुम्ही हजार कापले. मी काय कापणार, मी आपली मशीनवर बोट ठेवायला सांगणारी. आणि निराधारचे पंधराशे चालू असतील तर लाडकी बहीण मिळतच नाही, दोन्ही चालू ठेवायच्या नादात नंतर एक बंद पडते आणि कोणती बंद पडली तेच कळत नाही.

पैसा कोणत्या खात्यात जातो ते बघा

सगळ्यात जास्त रडारड इथं होते. पासबुक भरून आणलं, काही नाही. पोर्टलवर मात्र "पेमेंट सक्सेस". मग पैसे गेले कुठं.

ह्यातल्या बहुतेक योजनांचा पैसा आधार नंबरवर येतो, खाते नंबरवर नाही. फॉर्मवर तुम्ही कोणताही खाते नंबर लिहा, पैसा त्या बँकेत जातो जी तुमच्या आधारला शेवटची जोडली गेली. एका मावशीचं असंच झालं, नवीन सिमकार्ड घेतलं, दुकानातल्या पोरानं दोन-तीनदा अंगठा घेतला आणि त्यातच कुठल्याशा मोबाईलवरच्या बँकेत खातं उघडून आधार तिकडं जोडून टाकलं. मावशी चार महिने तालुक्याच्या शाखेत चकरा मारत होत्या, शाखेवाले म्हणायचे आमच्याकडं आलेच नाहीत, आणि ते खरंच होतं. पैसे सगळे होते, फक्त दुसरीकडं पडलेले.

तर माय आधारच्या साइटवर आधार नंबर टाकून ओटीपी घ्या आणि "बँक सीडिंग स्टेटस" बघा, तिथं बँकेचं नाव दिसतं. नको ती बँक दिसली तर आपल्या नेहमीच्या बँकेत जाऊन आधार सीडिंगचा, म्हणजे डीबीटीसाठी (सरकारी पैसा थेट खात्यात येण्यासाठी) आधार जोडायचा फॉर्म भरा आणि पोच घ्या. नुसतं "आधार लिंक करा" असं म्हणू नका, लिंक असणं वेगळं आणि डीबीटीसाठी जोडलेलं असणं वेगळं, ह्यात काउंटरवरचे पण कधी कधी गोंधळतात.

मोबाईल नंबर आधारला जोडलेला नसेल तर ते आधी करा. अर्धी कामं ओटीपीवर अडतात. आणि तो नंबर घरातल्या माणसाचाच हवा, भाच्याचा नको, भाचा ऊसतोडीला कर्नाटकात जातो आणि ओटीपी तिकडं वाजतो.

जनधन खाती आमच्याकडं २०१४-१५ मध्ये शिबिरं लावून उघडली होती, त्यांना दहा वर्षं होऊन गेली, त्यामुळं पुन्हा केवायसी मागतात. ती केली नाही तर पैसे खात्यात येतात आणि काढता येत नाहीत, समोर दिसतात नुसते.

अंगठा आणि पैसे काढणं

कापूस वेचून, खुरपून, भांडी घासून बायांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीनला त्या सापडत नाहीत. एकदा दोनदा नाही आलं की बाई घाबरते, तिला वाटतं आपलं नावच गेलं. असं काही नसतं. हात साबणानं धुवा, कोरडे करा, जरासं खोबरेल चोळून पुसून टाका, मग अंगठा सोडून दुसरी बोटं लावून बघा, दहा बोटांतलं एखादं तरी चालतं आणि ते कोणतं चालतं ते वहीत लिहून ठेवा, हसू नका, माझ्याकडं चाळीसेक बायांची बोटं लिहिलेली आहेत. एकही चाललं नाही तर आधार केंद्रावर बायोमेट्रिक अपडेट करून घ्या. आणि खरं तर एटीएम कार्ड मागून घ्या, जनधनला रुपे कार्ड मिळतंच.

पैसे काढताना आधी शिल्लक बघायला सांगा, मग रक्कम. प्रत्येक वेळी पावती. "सर्व्हर डाऊन आहे, परत अंगठा लावा" असं कुणी म्हणालं तर परत लावायच्या आधी शिल्लक पुन्हा बघा, कारण पहिल्याच वेळी पैसे कटलेले असू शकतात. कटले आणि हातात आले नाहीत तर साधारण पाच दिवसांत आपोआप परत यायला पाहिजेत, नाही आले तर पावती घेऊन शाखेत लेखी तक्रार. आणि हजाराला वीस, तीस असं कुणी कापत असेल तर ते चुकीचं आहे, बीसीला, म्हणजे माझ्यासारख्या बँकेच्या गावातल्या माणसाला, कमिशन बँकेकडून मिळतं, गिऱ्हाईकाकडून घ्यायचं नसतं. माझ्याच धंद्यातली माणसं हे वाचून नाराज होतील, होऊ द्या.

पोस्टातलं खातं असेल तर पोस्टमन घरी येऊन मशीनवर पैसे देतो, म्हाताऱ्या माणसांसाठी हे बेस्ट.

आता हिशोबाची गोष्ट. पैसे पडल्या दिवशीच धावत तालुक्याला जायची गरज नसते. एक दिवस गेला म्हणजे तीनशेचा रोज बुडाला, बायांना एसटीचं तिकीट मार्च २०२३ पासून अर्धं आहे हे खरं, पण चहा, पोराला वडापाव, येताना दिसलेलं काहीतरी. पंधराशे आणायला चारशे घालवणाऱ्या बाया मी रोज बघते. गावातच काढा किंवा बाजाराच्या दिवशी जाणं होतंच तेव्हा काढा. पैसे खात्यातून पळून जात नाहीत. सगळे काढलेच पाहिजेत असंही नाही. काही बायांना अजून वाटतं की ठेवले तर सरकार परत घेतं. नाही घेत. बँकेनं जुन्या कर्जात वळते केले अशी तक्रार मात्र अधूनमधून येते, तसं झालं तर गप्प बसू नका, २०२४ मध्ये लाडकी बहीणचे पैसे कर्जात वळते करू नका अशा सूचना सरकारनं बँकांना दिल्या होत्या, शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

घरात काय बदलतं, आणि कुठं सांभाळायचं

पहिला बदल किराणा दुकानात दिसतो. आमच्याकडं बहुतेक घरं रोजचं रोज आणतात, पाच रुपयांची चहापत्ती, पावशेर तेल, दहाची साखर, आणि तेही वहीवर. सुट्ट्यात घेतलं की प्रत्येक वस्तूमागं दोन-चार रुपये जास्त जातात आणि उधारीत भाव विचारायची सोय नसते. हातात एकदम हजार आले की पहिल्यांदा महिन्याचं तेल, साखर, डाळ रोखीनं आणता येतं. हे करा. पैसा आला की पहिलं काम हेच, कारण रोखीनं घेणाऱ्याला दुकानदार भाव पण नीट सांगतो आणि ताईपण म्हणतो.

पण त्याच दुकानदाराला आता माहीत असतं की हिच्या खात्यात पैसे येणार आहेत, त्यामुळं जो आधी पाचशेच्या वर उधारी देत नव्हता तोच म्हणतो, न्या ताई, हप्ता आला की द्या. मग पोरांसाठी कुरकुरे, थंडा, साबण भारीचा. दोन महिने हप्ता लांबला की वहीवर साडेतीन हजार. मग आलेला हप्ता आल्या पावली दुकानात. ह्याला एकच उपाय, उधारीची मर्यादा आपण ठरवायची, त्यानं नाही. समजा सातशे. त्याच्या वर नाही म्हणजे नाही, आणि वहीवर घ्यायला पोराला पाठवायचं नाही, स्वतः जायचं.

दुसरा बदल घरात. नवरा म्हणतो, "तुला येऊ लागले की पंधराशे, आता मला कशाला मागतीस?" हे जवळजवळ प्रत्येक घरात झालेलं आहे. तो आधी बाजाराला पाचशे द्यायचा, ते हळूहळू तीनशे झाले, मग बंद. म्हणजे बाईच्या खात्यात पंधराशे आले पण तिच्या हातात आधी येणारे बाजाराचे गेले, आणि नवऱ्याचे वाचलेले कुठं गेले ते विचारायची चोरी. ह्यावर भांडून काही होत नाही, मी सांगते ते करून बघा. पहिल्या हप्त्यालाच, सासू-सासरे बसलेले असताना, वाटणी बोलून टाका. धान्य, खत-बियाणं, लाईट बिल, लग्नातला आहेर हे तुमचं, तेल-साखर, पोरांच्या वह्या, दवाखान्याची सुरुवात हे माझं. "आहो, माझ्या पैशातून पोरांचं बघते, पण बाजाराचे पाचशे चालूच ठेवा" असं चारचौघांत गोड बोलून घेतलेलं टिकतं. रागानं रात्री काढलेला विषय टिकत नाही.

आणि हो, एटीएम कार्ड आणि त्याचा पिन कुणाकडं आहे? बाईचं खातं, बाईचं नाव, आणि कार्ड नवऱ्याच्या पाकिटात. अशा घरात पैसा बाईला मिळाला असं मी धरत नाही.

दारूचा प्रश्न सगळे विचारतात, विशेषतः ज्यांना स्वतःला पगार असतो ते. माझ्या खोलीतून मला जे दिसतं ते असं की पिणारा आधीपण पीत होता, मजुरीचे पीत होता, आताही पितो, पण बाईच्या खात्यातल्या पैशानं गावात पिणारे वाढले असं काही झालेलं नाही. मध्य प्रदेशात २०११ मध्ये 'सेवा' नावाच्या बायांच्या संस्थेनं आठ गावांत सगळ्यांना, मोठ्या माणसाला महिन्याला दोनशे आणि पोराला शंभर असे पैसे दिले होते, पुढं ते तीनशे आणि दीडशे केले, तिथंही दारू वाढल्याचं दिसलं नाही, उलट जनावरं आली, कर्ज कमी झालं.

तिसरा बदल कुणी मोजत नाही पण मला तो सगळ्यात मोठा वाटतो. पोराला ताप आला की बाई आता पहिल्याच दिवशी दवाखान्यात नेते. आधी नवरा शेतातून येईपर्यंत थांबायचं, मग तो म्हणणार उद्या बघू, मग तिसऱ्या दिवशी थेट तालुक्याला सलाईन. सासूची बीपीची गोळी आधी महिन्यातून पंधरा दिवस चालायची, संपली की संपली. आता चालू राहते. बीपी-शुगरच्या गोळ्या आधी सरकारी दवाखान्यात विचारा, तिथं फुकट मिळतात, नसल्या तर जनऔषधीच्या दुकानातून घ्या, आणि वहीत गोळी संपायची तारीख लिहा.

पाहुणे आणि शेजारीण मागायला येणार हे गृहीत धरा. सगळ्या गावाला एकाच दिवशी पैसे येतात त्यामुळं "नाहीत" म्हणता येत नाही. बचत गटात भरले असं सांगा. आणि खरंच भरा.

हप्त्याच्या भरवशावर हप्ता

आता मुख्य गोष्ट. फायनान्सवाले आमच्या गावात सकाळी आठला कुणाच्या तरी अंगणात मिटिंग घेतात, दहा बाया, एकीनं नाही भरलं तर बाकीच्यांनी भरायचं. आता कर्ज देताना ते सरळ विचारतात, लाडकी बहीण येते का? येते म्हटलं की फाईल पास. बाईलाही वाटतं, सरकार देतंय पंधराशे, हप्ता त्यातून जाईल.

हिशोब करा. चाळीस हजार दोन वर्षांसाठी घेतले तर पंधरवड्याला हजाराच्या आसपास हप्ता बसतो, म्हणजे महिन्याला दोन हजार. येणार पंधराशे, जाणार दोन हजार. इथंच पाचशे कमी. वरून येणाऱ्याला तारीख नाही आणि जाणाऱ्याला तारीख पक्की आहे, तो साहेब अंगणात येऊन बसतो, बाकीच्या नऊ जणी तुमच्या तोंडाकडं बघतात. मग त्या दिवशी सावकाराकडून उसने आणायचे, शेकडा पाचनं. मग दुसऱ्या फायनान्सकडून घेऊन पहिल्याचं भरायचं. मी एका घरात तीन फायनान्सची कार्डं बघितली आहेत, सगळ्याची सुरुवात पंधराशेच्या भरवशावर झालेली. त्यातली एक बाई माझ्यासमोर पैसे काढते आणि माझ्याच दारात उभ्या असलेल्या साहेबाच्या हातात देते, तिच्या पदरात ते मिनिटभरसुद्धा राहत नाहीत.

म्हणून हप्ता घ्यायचा तर मजुरीच्या, दुधाच्या, स्वतःच्या कमाईच्या भरवशावर घ्या. सरकारी पैसा त्यात धरू नका, तो आला तर वरचा.

उलट जुनी देणी फेडायला हाच पैसा एक नंबर आहे, कारण फेडताना थोडा मागंपुढं झालं तरी चालतं. सावकाराचे दहा हजार असतील शेकडा पाचनं, तर महिन्याला पाचशे नुसतं व्याज जातं. नऊ महिने फक्त व्याज भरलं तर साडेचार हजार गेले आणि दहा हजार तसेच उभे. तेच दर महिन्याला पंधराशे टाकले, म्हणजे व्याज जाऊन उरलेले मुद्दलात, तर नऊ महिन्यांत मोकळे, आणि नवव्या महिन्यात पाचशेसुद्धा लागत नाहीत. अडचण एवढीच की बरेच सावकार थोडं थोडं मुद्दल घेत नाहीत, "एकदम आणून दे" म्हणतात, कारण त्यांना व्याज पाहिजे असतं. मग बचत गटातून शेकडा एक-दोननं कर्ज काढा, सावकाराचं एकदम तोंडावर मारा, गटाचं महिन्याला फेडा. गटात महिनाभर उशीर झाला तर बाया बोलतात पण घरी येऊन बसत नाहीत. दिलेल्या प्रत्येक रुपयाची सही घ्या, वहीतच घ्या.

रेशनच्या बदल्यात पैसे

हे सगळ्या महाराष्ट्रात नाही. मराठवाड्यातले आठ, अमरावती विभागातले पाच आणि वर्धा अशा चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना आधी दोन रुपयांनी गहू आणि तीन रुपयांनी तांदूळ मिळायचा, २०२३ पासून त्याच्या जागी माणशी दीडशे रुपये झाले आणि जून २०२४ पासून एकशे सत्तर. पैसा कार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईच्या खात्यात येतो, म्हणून तिचंच खातं नीट पाहिजे.

माणशी पाच किलो धरलं तर एकशे सत्तर म्हणजे किलोला चौतीस. एवढ्यात बाजारात गहू-तांदूळ मिळतो का ते तुम्हीच बघा, आमच्याकडं गहू कसाबसा बसतो, तांदूळ बरा असेल तर नाही. मला स्वतःला हा बदल पटलेला नाही, कारण धान्य घरात आलं की त्याची भाकरीच होते पण आठशे-साडेआठशे रुपये आले की ते दवाखान्यात, मोबाईलच्या रिचार्जमध्ये, कुठंही जातात, आणि महिना महिना उशिरा येतात, पोटाला उशीर चालत नाही. पण आता पैसेच येतात तर असं करा, पाच-सहा महिन्यांचे थकीत एकदम आले की ते बाकी पैशात मिसळू नका, त्याच आठवड्यात कणगीत टाकायला ज्वारी किंवा गहू घ्या. सुगीच्या टायमाला, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, शेतकऱ्याच्या घरून घेतला तर दुकानापेक्षा स्वस्त पडतो. ऑगस्टमध्ये तोच महाग होतो आणि तेव्हा सोयाबीन अजून शेतात असतं, घरात दाणा नसतो.

दोन एकदम आले की

दोन महिन्यांचे एकदम आले की एक महिना चुलीला, दुसरा बाजूला. बाजूला म्हणजे घरातल्या डब्यात नाही, डब्याचा पत्ता सगळ्यांना असतो. गटात किंवा पोस्टाच्या आरडीत. किसानचे दोन हजार तर मी सरळ म्हणते शेतालाच लावा, पण मे-जूनमध्ये बियाणं घेताना हातात असतील असे ठेवा, नाहीतर खताच्या दुकानात पुन्हा उधारी आणि तिथली उधारी सोयाबीन त्यालाच घालायच्या बोलीवर असते.

शेळी घ्यायचा विचार बऱ्याच जणी करतात, चांगलाच आहे, फक्त भर पावसाळ्यात घेऊ नका आणि घेतल्यावर जनावरांच्या दवाखान्यात आंत्रविषाराची लस पावसाच्या आधी टोचून घ्या. दोन शेळ्या एका रात्रीत गेलेल्या मी बघितल्यात, आठ महिन्यांचे हप्ते होते ते.

मे-जूनमध्ये खात्यातून ४३६ किंवा २० रुपये कटलेले दिसले तर घाबरू नका, तो वर्षाचा विमा आहे, ४३६ चा जीवनज्योती आणि २० चा सुरक्षा, म्हणजे अपघाताचा. त्यासाठी तेवढी शिल्लक राहू द्या. आणि हा विमा आपला आहे हे घरात दुसऱ्या कुणाला तरी सांगून ठेवा, माणूस गेल्यावर दोन लाख मिळतात हे कळायलाच घरच्यांना वर्ष लागतं.

बंद पडले तर

रडण्याआधी क्रमानं बघा. आधी आधार सीडिंग, मग बँकेची केवायसी, मग योजनेची ई-केवायसी. लाडकी बहीणची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ पासून सुरू केली आणि त्यात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार पण मागितला, विधवा आणि सोडलेल्या बायांची त्यात फार परवड झाली. पीएम किसानलाही ई-केवायसी लागते. श्रावणबाळ, निराधारला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो राहिला तर जिवंत माणसाचे पैसे थांबतात. शेवटी पात्रता. २०२५ मध्ये २६ लाखांवर बायांचे लाडकी बहीणचे पैसे थांबवले होते, तपासणीसाठी. चारचाकी घरात असेल, कुणी इन्कम टॅक्स भरत असेल, सरकारी नोकरीत असेल, तर नाव जाणारच. ट्रॅक्टर चालतो.

लाडकी बहीणसाठी १८१ ला फोन लागतो, किसानसाठी १५५२६१. अंगणवाडी ताईला रोज विचारून काही होत नाही, तिच्या हातात आता काही नाही, तिचं डोकं खाऊ नका.

व्हॉट्सॲपवर "पीएम किसान" नावाची फाईल आली, उघडा म्हणजे हप्ता येईल, तर उघडायची नाही, कुणीही पाठवलेली असू द्या, सरपंचानं पाठवलेली असू द्या, त्याचा पण फोन हॅक झालेला असतो. ती फाईल फोनमध्ये बसली की ओटीपी परस्पर तिकडं जातात. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० ला फोन लावा, दुसऱ्या दिवशी लावून उपयोग कमी.

पासष्ट आणि त्यानंतर

लाडकी बहीण २१ ते ६५ वयापर्यंतच आहे. पासष्ट पूर्ण झाली की पैसे थांबतात आणि श्रावणबाळचे आपोआप सुरू होत नाहीत, त्याचा अर्ज तहसीलला वेगळा, त्याला वयाचा पुरावा, रहिवासी, आणि २१,००० च्या आतला उत्पन्नाचा दाखला. मध्ये पाच-सहा महिने कोरडे जातात. म्हणून सासूबाई चौसष्टच्या झाल्या की कागद गोळा करायला लागा. आधारवरची जन्मतारीख एकदा नीट बघा, आमच्याकडं निम्म्या बायांची एक जानेवारी आहे आणि साल अंदाजे टाकलेलं, कुणी खरं वय अडुसष्ट आणि आधारवर एकसष्ट. ते दुरुस्त करायला पुरावा लागतो आणि पुरावा शाळेचा, आणि शाळेत त्या गेलेल्याच नाहीत, त्यामुळं लवकर सुरुवात करा.

आणि नॉमिनी. पासबुकच्या पहिल्या पानावर नॉमिनी नोंद आहे का बघा, नसेल तर फॉर्म भरा, फुकट असतो. मागच्या वर्षी आमच्या वरच्या आळीतली एक आजी गेली, तेराव्याच्या खर्चाला तिचेच सात हजार खात्यात होते, नातू कार्ड घेऊन माझ्याकडं आला की पिन माहीत आहे काढून द्या. माणूस गेल्यावर असं काढायचं नसतं, मी नाही म्हणाले, त्याला राग आला. नॉमिनी असता तर मृत्यूचा दाखला आणि एक अर्ज एवढ्यावर झालं असतं. अजून ते सात हजार तिथंच आहेत आणि तो नातू मला रस्त्यात ओळख देत नाही.